दादाचा विलंबित एकताल

आमच्या कॉलेजच्या सभागृहात एका मोठ्या गायिकेची सकाळची मैफल झाली आणि तिच्या साथीला तबल्यावर माझा थोरला भाऊ बसला. गावात ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. गाव ती अभिमानाने सांगतं. मी मात्र कुणी विषय काढला की काहीतरी काम आठवल्यासारखा उठतो.

गोंदिया जिल्हा वेगळा निघाला, त्यानंतरच्या काही वर्षांतली ही गोष्ट. मी लाखनीजवळच्या एका कॉलेजात मराठी शिकवायला लागलो होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. ते माझं कर्तृत्व नाही. बाबा वारले तेव्हा दादा आठवीत होता आणि मी दुसरीत. दोघांतल्या एकालाच शिकता येईल असं दिसत होतं, आणि तो एक कोण हे दादानेच ठरवून टाकलं. आईलाही विचारलं नाही. पुस्तकं माझ्या पिशवीत घातली आणि धानाच्या रोवण्याला गेला. वस्तीतल्या विहारात जयंतीच्या गाण्यांना तो आधी ढोलकी वाजवायचा, मग तबला शिकला. कुणी शिकवला असं नाही. वाजवणाऱ्याच्या बाजूला बसून बसून त्याचा हात तयार झाला. पुढे तो एका नाटक कंपनीत लागला. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, आणि मंडई म्हटली की रात्रभर नाटक आलंच. चार महिने दादा दिवसा झोपायचा आणि रात्री वाजवायचा. माझं भंडाऱ्याच्या हॉस्टेलमधलं राहणं-खाणं त्यावर चाललं.

हॉस्टेलात असताना आमच्या एका सरांनी मला शास्त्रीय गाण्याच्या कॅसेट ऐकायला दिल्या. आधी काही कळलं नाही. सरांनी दिल्या आहेत म्हणून ऐकत राहिलो आणि कधीतरी गोडी लागली. मला गाता येत नाही, वाजवता येत नाही. ऐकता येतं, असं मात्र मी समजत होतो. सुटीत घरी आलो की त्या कॅसेट लावायचो. दादा बाजूला बसून विडी ओढत ऐकायचा. एकदा गायक मध्येच थांबले, तर दादा उठला आणि टेपरेकॉर्डरला थाप मारून म्हणाला, "अटकली का रे तुई टेप?" मी हसलो. तोही हसला.

त्या वर्षी आमच्या प्राचार्यांनी मनावर घेतलं की विद्यार्थ्यांना खरं शास्त्रीय गाणं ऐकवायचं. नागपूरला एका मोठ्या गायिकेचा कार्यक्रम होता. नागपुरातल्या ओळखीने त्यांना विनंती केली आणि त्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे यायला तयार झाल्या. मी त्यांच्या कॅसेट पाठ होईपर्यंत ऐकल्या होत्या. आठवडाभर मला धड जेवण गेलं नाही. सभागृहाच्या खिडक्यांना पडदे लावणं, गाद्यांवर पांढऱ्या चादरी, पंख्यांचा आवाज होतो म्हणून त्यांना तेल देणं, हे सगळं मी केलं. ध्वनिक्षेपकवाल्याला दहादा बजावलं की लग्नातल्यासारखा आवाज घुमवू नको.

सकाळी गाडी आली. बाई उतरल्या. साधी सुती साडी, वय साठीकडे झुकलेलं. मागून तानपुऱ्यांवर बसणाऱ्या दोन शिष्या आणि वयस्कर पेटीवाले उतरले. तबलजी उतरले नाहीत. त्यांना रात्री सडकून ताप भरला होता. तबल्याचं सामान आदल्या रात्रीच गाडीत ठेवलेलं होतं, ते तेवढं आलं. वाजवणारे नागपुरातच झोपून होते. नागपूरहून दुसरं कुणी मिळतं का म्हणून फोनाफोनी झाली होती, पण रविवारच्या सकाळी कुणी सापडलं नव्हतं.

"मी पेटी-तानपुऱ्यावर थोडं गाईन आणि मुलांशी बोलेन," बाई म्हणाल्या. "वाईट वाटून घेऊ नका."

प्राचार्यांचा चेहरा उतरला. सभागृहात मुलं येऊन बसली होती, पहिल्या रांगेत नागपूरहून खास आलेले तीन-चार जाणकार होते. प्राचार्य एकदम माझ्याकडे वळले. "अहो सर, तुमचे बंधू तबला वाजवतात ना?"

मी म्हणालो, "नाटकात वाजवतो. हे वेगळं आहे."

"तबला तो तबलाच ना!" प्राचार्य म्हणाले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "बोलवा की. विचारून तर पाहू."

शिपाई मोटारसायकलवर गावाला गेला आणि दादाला मागे बसवून घेऊन आला. दादा पहाटेच लाखांदूरकडच्या एका मंडईतून परतला होता. डोळे लाल, पण घाईघाईत अंघोळ करून, माझ्या लग्नात घेतलेला पांढरा शर्ट घालून आला होता. स्टाफरूममध्ये त्याने बाईंना वाकून नमस्कार केला आणि दाराशी उभा राहिला.

"बसा," बाई म्हणाल्या. "विलंबित एकताल वाजवता का?"

"हाव जी."

कंपनीत मालकाने विचारलं तर नाही म्हणायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. बाईंनी मात्र त्याच्या हो वर सोडलं नाही. त्या बोल म्हणायला लागल्या, धिं धिं धागे तिरकिट, आणि हाताने मांडीवर मात्रा मोजत गेल्या. एकेका मात्रेत माणूस पाणी पिऊन येईल इतकी ती संथ लय. दादाने तीनदा ऐकलं आणि त्यांच्यासोबत टेबलावर बोटांनी ठेका धरला. बारा मात्रा बरोबर जागेवर आल्या. पेटीवाल्यांनी भुवया उंचावल्या.

"छान," बाई म्हणाल्या. "एवढंच करायचं. आणि तबला आमच्या तबलजींचा घ्या, तो माझ्या स्वराला लावलेला आहे."

दादाने तो तबला हातात घेतला तेव्हा मी त्याच्याकडे पाहत होतो. आधी शर्टाला हात पुसले. मग एक बोट अगदी हलकेच तबल्याच्या शाईवर टेकवलं. तबला बोलला. दादा माझ्याकडे पाहून लहान पोरासारखा हसला. माझी भीती जराशी कमी झाली आणि तिच्या जागी गर्व आला. आमच्या वस्तीतला माणूस या बाईंच्या शेजारी बसणार होता, आणि तो माझा दादा होता. आज हे नीट झालं तर दादाने शाळा सोडली त्याचं काहीतरी चीज होईल, असं काहीबाही माझ्या मनात आलं. फक्त एवढी सकाळ त्याची अब्रू राहो, अशी मी मनातल्या मनात विनवणी करत होतो. कुणाला करत होतो हे मलाही सांगता येणार नाही.

प्राचार्यांनी माइकवर दादाची ओळख करून दिली. "आपल्या मराठीच्या सरांचे थोरले बंधू," असं दोनदा म्हणाले. पोरांनी टाळ्या पिटल्या.

बाईंनी तोडी सुरू केला. कॅसेटमध्ये मी तो किती वेळा ऐकला होता, पण दहा हातांवर बसून ऐकणं वेगळं. त्या आवाज लावत नव्हत्या. तानपुऱ्यांतून जो स्वर येत होता त्यात जणू हळूच पाय टाकत होत्या. मुखडा घेऊन समेवर आल्या आणि दादाचा धिं नेमका तिथे पडला. पहिलं आवर्तन सरळ गेलं. दुसरं गेलं. माझा जीव भांड्यात पडला.

तिसऱ्या आवर्तनात बाई वरून खाली येत गंधारावर थांबल्या. तो स्वर त्यांनी असा धरला की धरलाय की सोडलाय ते कळेना. मग सोडला आणि गप्प झाल्या. डोळे मिटलेले, हात अर्धा उचललेला. ज्याने हे गाणं ऐकलं आहे त्याला माहीत असतं की स्वर सोडल्यावरही तो काही वेळ तिथेच असतो, आणि गाणारा त्याला तिथे असू देतो.

त्या शांततेत दादाने तुकडा फेकला. धिरधिर किटतक, भर मंडईत शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असा. तबला उंची आणि हात नाटकाचा. सभागृह दणाणलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या, मागून एक शिट्टीही आली.

बाईंनी डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं आणि थोडं हसून पुढे गायल्या. दादाला ते हसणं शाबासकीचं वाटलं असणार. पुढच्या वेळी त्या थांबल्या, त्याने पुन्हा तुकडा भरला, आधीपेक्षा लांब. त्या थांबल्या की हा वाजणार. एकदा तर त्या श्वास घ्यायला थांबल्या तेव्हाही वाजला. पेटीवाल्यांनी भात्यावरचा हात खाली घेऊन त्याला सबुरीची खूण केली. दादा पेटीकडे पाहतच नव्हता. त्याची नजर बाईंच्या तोंडावर होती, अगदी काळजीने, जसं आजाऱ्याकडे पाहतात.

माझ्या शेजारी नागपूरचे एक गृहस्थ होते, खांद्यावर शाल घेतलेले. ते बाजूच्याला म्हणाले, "अरे, हे काय नाटक आहे का?"

"यांना आणलं कुठून?"

"सरांचे बंधू आहेत म्हणे."

"कोणत्या सरांचे?"

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही, म्हणजे त्यांना कळलं होतं. माझे कान तापले. मी चादरीवरची शिवण बघत बसलो. मला त्या क्षणी वाटत होतं की वीज जावी, पंखा पडावा, काहीही व्हावं आणि हे थांबावं. पोरं टाळ्या वाजवत होती याची आणखी लाज वाटत होती. माझीच पोरं. मीच त्यांना वर्गात सांगितलं होतं की आवडलं तर दाद द्या.

मान खाली असूनही कान तर उघडेच होते. हळूहळू माझ्या लक्षात आलं की दादाचे तुकडे थांबले आहेत. मी वर पाहिलं. दादा काही बदलला नव्हता. बाई बदलल्या होत्या. त्या आता थांबतच नव्हत्या. एक स्वरवाक्य संपायच्या आत दुसरं सुरू करत होत्या, श्वास कुठे घेतात ते दिसत नव्हतं. ज्या रागाचा अर्धा जीव थांबण्यात आहे तो राग त्या न थांबता गात होत्या, दादाला वाजवायला जागा मिळू नये म्हणून. मागच्या दोघी शिष्या एकमेकींकडे पाहत होत्या. त्यातली धाकटी जवळजवळ रडवेली झाली होती. या वयाच्या बाईंनी अशा दमाने गाणं म्हणजे काय, ते तिला कळत असणार. आणि तरी तोडी तोडीच राहिला होता. दाट झाला होता, धावणारा झाला होता, पण कुठे फाटला नव्हता. आपल्या साथीदाराची चूक गाण्याच्या आत घेऊन तिच्याभोवती गाणं पुन्हा बांधत जाणं, हे मी कॅसेटमध्ये कधी ऐकलं नव्हतं. कॅसेटमध्ये चुका नसतात.

मग एका ठिकाणी त्या पुन्हा त्याच गंधारावर आल्या. सोडायच्या आधीच डावा हात दादाकडे केला, तळवा उघडा, रस्ता ओलांडताना आपण मुलाला थांबवतो तसा. दादाचा उचललेला हात तसाच राहिला. त्याने नुसता ठेका धरला. सभागृहात तानपुरे आणि खूप खाली ते बारा मात्रांचं चालणं, एवढंच उरलं. पोरंसुद्धा हलली नाहीत. किती वेळ गेला सांगता येत नाही. बाईंनी हात खाली घेतला, मुखडा घेतला आणि समेवर आल्या.

सगळ्या मैफलीतली ती एक जागा. ती ऐकून सुखाने डोळे भरून यावेत, पण मी त्या उघड्या तळव्याकडे पाहत होतो. सगळ्यांसमोर माझ्या दादाला हाताने गप्प केलं होतं, हेच मला दिसलं.

त्यानंतर त्यांनी द्रुत बंदिश गायली, आणि शेवटी एक भजन. भजनाला दादा मोकळा झाला. तिथे तुकडे शोभत होते, बाईही त्याच्याकडे वळून "वा" म्हणत होत्या. पोरांनी सभागृह डोक्यावर घेतलं. शालवाले गृहस्थ उठताना म्हणाले, "भजनाला बरा आहे." आवाज माझ्यापर्यंत यावा एवढाच होता.

जेवणं झाली. बाई निघाल्या तेव्हा व्हरांड्यात सगळे जमले, प्राचार्य, नागपूरकर, पोरं, शिष्या. मला घाई झाली होती. गाडी एकदाची निघाली की हा दिवस संपेल, असं वाटत होतं. तेवढ्यात दादा गर्दीतून पुढे आला आणि हात जोडून म्हणाला, "बाई, एक विचारू का?"

मी त्याचा दंड धरला. "दादा, त्यांना उशीर होतोय."

"होऊ दे ना थोडा," दादा म्हणाला, आणि बाईंना, "माझं कसं झालं जी?"

त्या काहीतरी गोड बोलतील आणि विषय संपेल, अशी माझी आशा होती. बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

"भजन चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "तोडीत चुकलं."

शालवाल्यांनी घसा खाकरला. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. दादाने मान हलवली. "कोठी चुकलं जी? मात्रा सुटली का?"

"मात्रा एकही सुटली नाही. मी थांबले की तुम्ही वाजवत होता. का वाजवत होता?"

दादा जरा घुटमळला. मग म्हणाला, "राग नका मानू. आमच्या नाटकात असं असते, बाई. नट बोलता बोलता थांबला का समजाचं, त्याले शब्द सापडून नाही राहिले. मंग तबल्यानं तेवढा वेळ काढाचा. पब्लिकले कळू नाही द्याचं. तुमी थांबल्या तं मले वाटे, बाई विसरल्या. एवढ्या मोठ्या बाई, एवढ्या लोकाईत... मी आपला सांभाळून घेऊन राहिलो तुमाले."

बाई हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसल्या. पेटीवाले हसले, शिष्या हसल्या, मग सगळा व्हरांडा हसला. दादाही हसला. मी हसू शकलो नाही. मला वाटत होतं की ते त्याला हसतायत. नागपूरकर तर नक्कीच.

"इतकी वर्षं गातेय, पण असं मला कुणी सांभाळलं नव्हतं," बाई डोळे पुसत म्हणाल्या. मग गाडीकडे जायचं सोडून व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या. दादा त्यांच्या खालच्या पायरीवर बसला. "हे बघा. मी थांबते तेव्हा मी हरवलेली नसते. तो मघाचा स्वर मी ठेवलेला असतो, तो ऐकत असते. तुम्ही वाजवलंत की तो पुसला जातो."

"म्हंजे मी तुमच्या मधात बोललो."

"हो."

"बिघडवलं म्हणा ना."

"अर्धं बिघडवलं," बाई म्हणाल्या. "अर्धं मी भरून काढलं. भजनात तुम्ही मला परत दिलंत. घरी रोज हा ठेका धरा. नुसता ठेका. कुणी गात नसलं तरी कुणीतरी गातंय असं समजून. आणि तो माणूस थांबला तर थांबू द्या."

त्यांनी त्याचा हात आपल्या हातात घेऊन गुडघ्यावर मात्रा धरून दाखवल्या. ड्रायव्हर दोनदा येऊन पाहून गेला. आज मला कळतं की त्या पायरीवर त्या दोघांमध्ये जे चाललं होतं ते दोन वाजवणाऱ्या-गाणाऱ्या माणसांचं बोलणं होतं, आणि त्यात लाजण्यासारखं काहीच नव्हतं. तेव्हा मी दोन पावलं मागे, खांबाला टेकून, सगळे आपल्याकडेच पाहतायत असं धरून चाललो होतो.

घरी जाताना शिपायाची मोटारसायकल मी चालवत होतो आणि दादा मागे बसला होता. महामार्ग सोडून गावाच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना धान कापून झालेल्या बांध्या होत्या. दादा खचला असेल असं मला वाटलं, आणि समजूत घालायला म्हणून मी म्हणालो, "लोकांना आवडलं, दादा. पोरं किती टाळ्या वाजवत होती."

"लोकाईचं सोड," दादा म्हणाला. "तुले तं कळते ना यातलं. तुले कसं वाटलं?"

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेऊ शकलो असतो. पण बाईंनी त्याला खरं सांगितलेलं मी नुकतंच पाहिलं होतं, आणि खरं सांगणं हाच मोठेपणा असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं. मी म्हणालो, "मला लाज वाटली, दादा."

तलावाच्या पाळीवर म्हणजे बांधावर गाडी चढली. मग तो म्हणाला, "माझी?"

मी "हो" म्हणालो. मागे वळून पाहिलं नाही, रस्ता खराब होता.

"हाव," दादा म्हणाला. एवढंच.

बाईंनी सांगितलं होतं की कुठे चुकलं. मी सांगितलं होतं की त्याच्यामुळे मला काय झालं. दोन्ही खरंच होतं, तरी दुसऱ्याचा त्याला काय उपयोग होता? हे मला त्या पाळीवर सुचलं नाही. उलट आपण भावाशी सरळ वागलो, असं वाटून मी गाडी जरा वेगाने नेली.

घरी दादा नेहमीसारखा वागला. वहिनीला सगळं सांगितलं, "अर्धं बिघडवलं म्हणाल्या बाई," असं सांगून हसला. जेवताना मला आणखी एक पोळी वाढ, असंही तिला म्हणाला. त्याच्या मनात काही राहिलं आहे हे कळायला मला पुढचा उन्हाळा यावा लागला.

उन्हाळ्यात नाटकं बंद असतात. एका दुपारी मी कॉलेजातून लवकर आलो तर वहिनी म्हणाली, "आता काहून आले? आत्ताच तं बसले होते."

"कोण?"

"तुमचे दादा. रोज दुपारी तबला घेऊन बसतेत ना. ते बाईचं, हळू हळू वालं." ती सुपात तांदूळ पाखडत बोलत होती, माझ्याकडे न पाहता. "तुमची सायकल दिसली का खोळ चढवतेत तबल्यावर. मी म्हणलं, काहून हो, भाऊच तं हाय. तं म्हणतेत, त्याले कळते यातलं. त्याच्यापुढं नोको."

मी आत गेलो. दादा पलंगावर पडून पेपर वाचत होता. तबला कोपऱ्यात, खोळ घातलेली. मी म्हणालो, "वाजव ना दादा, मला ऐकायचं आहे." तो म्हणाला, "झालंच होतं आता," आणि पेपरची घडी घालून बैलांना पाणी दाखवायला गेला. त्यानंतर मी दोन-तीनदा विषय काढून पाहिला. माफी मागायचाही प्रयत्न केला. त्याने ती फार प्रेमाने उडवून लावली, "कायची माफी रे येड्या," असं म्हणून. जयंतीला तो माझ्यासमोर वाजवतो, लग्नात वाजवतो, नाटकात तर वाजवतोच. तो एक ठेका मात्र माझ्यासमोर वाजवत नाही.

म्हणून मी आता कधी लवकर सुटलो की सायकल तलावाजवळच ठेवतो आणि चालत येतो. आमच्या घराच्या मागच्या अंगाला कुडाचं कुंपण आहे. तिथे उभं राहिलं की आतलं ऐकू येतं. परवाही उभा होतो. दादा वाजवत होता. धिं, आणि मग इतका वेळ की पुढचा येतो की नाही असं वाटावं, आणि तो बरोबर येई. कुठे घाई नाही, कुठे भरती नाही. कुणीतरी गात असावं आणि मध्ये थांबलं असावं, आणि दादा त्याला थांबू देत असावा, असं ते होतं. मी मांडीवर मात्रा धरल्या. इतका चांगला ठेका मी समोर बसून फार थोड्या वेळा ऐकला आहे, आणि हा तर मला समोर बसून ऐकताच येत नव्हता.

शेजारच्या मावशी पाण्याची घागर घेऊन वळल्या आणि मला पाहून थबकल्या.

"काहून सर," त्या मोठ्याने म्हणाल्या, "आपल्याच घरामागं पाहुण्यावानी उभे?"

मी हाताने त्यांना हळू बोला अशी खूण केली. पण आतला ठेका थांबला होता.